पडद्यावरची जोडी आणि दहा-बाराजणींचे मंडळ

खरिपाच्या बैठका घेत आम्ही गावोगाव हिंडतो. भाताच्या बियाण्याची आणि खताची चौकशी आटोपली, पुरुष मंडळी उठून ओट्यावर गेली, की मागे राहिलेल्या भगिनी अलीकडे हमखास एक निराळाच विषय काढतात. मालिकेतील आपल्या आवडत्या जोडीवर मोकळेपणी बोलता यावे म्हणून मोबाईलवर आपल्यापुरता एखादा ग्रुप काढावा काय, आणि काढल्यास तो बाहेरच्यांच्या नजरेपासून कसा राखावा? हा प्रश्न शेतीखात्याच्या कक्षेत बसत नाही हे खरे. परंतु चार माणसे जमवून त्यांचा गट बांधणे हा विस्तारकार्याचा पायाच आहे. बियाणे बदलावयाचे असो की जोडीवर गप्पा मारावयाच्या असोत, गट ज्या कारणांनी टिकतो आणि ज्या कारणांनी मोडतो ती कारणे सारखीच असतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्यास हरकत नाही असे वाटले.

आपल्या किनाऱ्याला पडद्यावरच्या जोड्यांचे वेड काही आजचे नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. मुंबई समोरच्याच किनाऱ्यावर असल्याने उंच बांबूवर एरियल चढविले की अलिबागकडे चित्र दिसत असे. वाऱ्याने एरियल फिरले की एकाने वर चढायचे, दुसऱ्याने अंगणात उभे राहायचे आणि तिसऱ्याने घरातून ओरडून सांगायचे, असा तो सोहळा. चि. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची जोडी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्याच दशकाच्या अखेरीस घराघरांत नेली. पुढे १९८७ च्या जानेवारीत रविवार सकाळी ‘रामायण’ सुरू झाले. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया यांना लोक राम-सीताच मानू लागले. कित्येक घरांत दूरदर्शन संचापुढे उदबत्ती लागे व आळीतील बायका आंघोळी उरकून येऊन बसत.

त्या काळी चाहत्यांचे निराळे मंडळ काढावयाची गरजच नव्हती. ज्याच्या घरी संच त्याची पडवी हेच मंडळ. मात्र त्या पडवीत बोलणार कोण? आजेसासूबाई बोलत, मोठ्या जाऊबाई बोलत. नवी सून दाराच्या आड, एक डोळा चुलीवरच्या भातावर ठेवून पाहत असे. तिला रामाने सीतेला वनात धाडले त्याबद्दल काय वाटले, हे कुणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली, तीच आजची झी मराठी. घरोघर संच झाले, मग केबल, मग छपरावर छत्री, आणि पडवीतली बैठक मोडली. आता मालिका प्रत्येक घरी दिसते, पण जी ती आपापल्या भिंतीकडे तोंड करून पाहते. दुसऱ्या दिवशी नळावर भेटावे, तर नळही घरात आले आहेत. बोलावयास जागा उरली नाही, म्हणून ती मोबाईलमध्ये शोधली जात आहे. यात नवल काही नाही, आणि टीका करण्यासारखेही काही नाही.

राणादा आणि अंजलीबाई

आमच्या भागात ज्या जोडीचे नाव अजूनही निघते ती राणादा आणि अंजलीबाईंची. झी मराठीवरील ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका ३ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झाली आणि २ जानेवारी २०२१ रोजी संपली. हार्दिक जोशी यांनी राणादाचे आणि अक्षया देवधर यांनी अंजली पाठक या शिक्षिकेचे काम केले. चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावचे, बोली कोल्हापुरी. आमच्या आगरी-कोळी घरांतील पोरे काही काळ कोल्हापुरी बोलू लागली होती.

ही जोडी शेतकरी घरांत एवढी का मानली गेली याचा थोडा विचार करावा. त्याआधी कित्येक वर्षे मालिकेतला नायक म्हणजे कोट घालून बंगल्याच्या जिन्यावरून उतरणारा कारखानदार. येथे प्रथमच नायक शेतकरी, तालमीत घुमणारा, शिक्षण बेताचे, आणि त्याला मनापासून पसंत करणारी मुलगी शिकलेली बाई. आज शेतकरी मुलाला मुलगी मिळणे किती कठीण झाले आहे हे ज्यांच्या घरी तिशी उलटलेला मुलगा आहे त्यांना सांगावयास नको. एकर-दीड एकर भातशेती, त्यातील अर्धी खारी, वर दहावीस नारळ-सुपारीची झाडे, एवढ्यावर मुलीचा बाप मुंबई-पनवेलच्या नोकरदारास पसंती देतो. अशा घरांतील आयांनी राणादा-अंजलीबाईंकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिले नाही. शिकलेली सून शेतकऱ्याच्या घरी मानाने नांदू शकते, हे निदान पडद्यावर तरी दिसले, याचा त्यांना आधार वाटला.

शेतीखात्यातील माणूस म्हणून माझी एक तक्रार मात्र आहे. एवढा मोठा शेतकरी नायक, पण त्याच्या शेतात कीड कधी पडली, उसाचे बिल कधी थकले, सोसायटीचे कर्ज कधी फेडले, याचा हिशेब फारसा दिसला नाही. असो. लेखकांना कृषी सहायक भेटला नसावा.

पुढे २ डिसेंबर २०२२ रोजी हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांचा पुण्यात खरोखरीचा विवाह झाला आणि चाहत्यांना घरचेच कार्य झाल्यासारखा आनंद झाला. आनंद होणे साहजिक आहे, परंतु येथेच एक रेघ ओढावी. राणादा-अंजलीबाई हे लेखकाने रचलेले जोडपे. त्यांच्यावर हवे तेवढे बोलावे, भांडावे, रुसावे. त्यांची कामे करणारी माणसे निराळी, त्यांचा संसार त्यांचा. ज्या मंडळात मालिकेतील प्रसंगावर बोलणे संपून नटनटींच्या घरात डोकावणे सुरू होते, त्या मंडळात पुढची पायरी म्हणजे एकमेकींच्या घरात डोकावणे. चाहत्यांच्या प्रेमाला कुंपण नसले म्हणजे काय होते ते वसगड्याच्या लोकांनीही अनुभवले. चित्रीकरण पाहण्यासाठी लांबलांबून गाड्या येऊ लागल्या, आणि २०१७ साली त्या गर्दीच्या त्रासामुळे ग्रामस्थांना चित्रीकरणासच हरकत घ्यावी लागली. ज्या गावामुळे मालिका उभी राहिली, त्याच गावाला ती नकोशी झाली.

रेडिओ मंडळांचा जुना धडा

कार्यक्रम ऐकून त्यावर बोलण्यासाठी मंडळ काढण्याची कल्पना आपल्याच मुलखात फार जुनी आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, एकंदर वीस कार्यक्रम. गावातील ठराविक लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, ठरेल ते चिटणिसाने लिहून काढावयाचे. प्रयोग इतका सफल झाला की १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली. आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग शिकवीत असत आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येई.

त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की रेडिओ चावडीवर साऱ्या गावाला ऐकू येत होता, पण मंडळ मात्र नेमक्या माणसांचे होते. सभासद कोण ते ठरलेले असे. ऐकणे सर्वांसाठी, बोलणे ठराविकांत, यामुळे बुजरा माणूसही बोलू लागे. आजच्या बचत गटातही दहा ते वीस बायका असतात, त्याचे कारण तेच. मोबाईलच्या ग्रुपमध्ये एक हजाराहून अधिक नावे घालण्याची सोय आहे म्हणून ती घालावयाची नसतात. खताच्या गोणीवर पन्नास किलो लिहिले आहे म्हणून एका वाफ्यात सारी गोणी कुणी ओतत नाही.

माझा अनुभव असा की जोडीच्या चाहत्यांचे मंडळ दहा-बाराजणींचे असावे. पंधराच्या वर गेले की ते मंडळ राहत नाही, बाजार होतो. पहिल्या तिघीचौघी एकमेकींना चांगल्या ओळखणाऱ्या असाव्यात. नंतर जिला घ्यावयाचे तिच्याबद्दल आधी सर्वांना विचारावे व एकीची जरी नापसंती असली तरी थांबावे. कारण विचारू नये. तिचे कारण तिला सांगता येत नसेल, म्हणूनच तर ती गप्प असते. सासू आणि सून एकाच मंडळात असाव्यात काय, असे मला दोन ठिकाणी विचारण्यात आले. सासूबाई कितीही प्रेमळ असोत, नसाव्यात. सासूबाईंनी त्यांच्या वयाच्या मैत्रिणींचे निराळे मंडळ काढावे. त्यांनाही सुनांसमोर बोलता न येणारे पुष्कळ असते.

बोलणे बाहेर गेले तर

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बायका जोडीबद्दल बोलतात तेव्हा त्या नुसत्या जोडीबद्दल बोलत नाहीत. राणादाने अंजलीबाईंना शाळेत जाण्यापासून कधी अडविले नाही, असे एकीने लिहिले, तर त्यामागे तिची स्वतःची सुटलेली अंगणवाडीची नोकरी असू शकते. मालिकेच्या आडोशाने घरातले बोलता येते, हाच अशा मंडळाचा खरा उपयोग आणि हाच त्यातील खरा धोका.

आमच्या किनाऱ्यावरील एका गावात असे एक मंडळ होते. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. मालिकेत नवरा बायकोची बाजू घेऊन घरच्यांशी बोलतो असा प्रसंग झाला, त्यावर एका सुनेने दोन ओळी लिहिल्या की, आमच्याकडे तर माझी बाजू घेणारा अजून जन्मास यावयाचा आहे. लिहिले हसत, वाचले हसत. परंतु मंडळातील एकीने त्या ओळींचा स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचे जसेच्या तसे छायाचित्र, आपल्या बहिणीला पाठविले. वाईट हेतू मुळीच नव्हता, गंमत म्हणून पाठविले. बहिणीकडून ते नणंदेकडे आणि आठवड्याच्या आत नवऱ्याकडे पोचले. मारहाण झाली नाही, पण मोबाईल काढून घेतला गेला. त्या मोबाईलवरच तिच्या बचत गटाचे निरोप येत आणि तिच्या पांढऱ्या कांद्याच्या माळांचे गिऱ्हाईकही त्यावरच बोलत असे. दोन ओळींपायी कांद्याच्या ऐन हंगामातील तिची विक्री बुडाली. मोबाईल परत मिळविण्यास तिच्या माहेरच्या माणसांना दोन वेळा यावे लागले. मंडळ तर त्याच रात्री मोडले; कुणी काही न बोलता एकेक जण बाहेर पडली.

म्हणून सांगते, मंडळाचा पहिला नियम एकच ठेवावा व तो प्रत्येकीकडून तोंडी कबूल करून घ्यावा: आतले बोलणे बाहेर न्यावयाचे नाही, गंमत म्हणूनही नाही, बहिणीकडेही नाही. बाकीचे नियम मोडले तर समज द्यावी. हा मोडला तर सभासदत्व संपले. त्यात भीड धरू नये.

पुष्कळजणींची समजूत अशी आहे की व्हॉट्सॲपवर कुलूप असते, तेव्हा काळजी नको. ते अर्धेच खरे आहे. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणारीच्या व वाचणारीच्या मोबाईलखेरीज वाटेत कुणास वाचता येत नाहीत अशी व्यवस्था आहे. म्हणजे बाहेरच्या चोराचा बंदोबस्त झाला. परंतु वाचणारी स्वतःच पडद्याचे छायाचित्र काढून पुढे धाडू लागली तर कोणतेही कुलूप उपयोगी नाही, आणि असे छायाचित्र काढल्याचे इतरांस कळतही नाही. शिवाय आपल्या घरांत मोबाईल एकटीचा कुठे असतो? सकाळी त्यावर मुलगा अभ्यास करतो, दुपारी यजमान बाजारभाव पाहतात. यासाठी तीन सोयी माहीत असाव्यात. एक, ठराविक संभाषणास निराळे कुलूप घालता येते. ही सोय २०२३ मध्ये आली. दुसरी, संदेश चोवीस तासांनी, सात दिवसांनी अथवा नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातील असे ठरविता येते. सात दिवस पुरेत. तिसरी, आपल्याला परस्पर कुणीही कोणत्याही ग्रुपात ओढू नये म्हणून तो अधिकार फक्त ओळखीच्यांपुरता ठेवता येतो. मुलाकडून वा भाचीकडून पाच मिनिटांत हे करून घ्यावे, पण मंडळ कशाचे आहे ते त्यांना समजावीत बसू नये.

ग्रुपात आल्यावर प्रत्येकीचा नंबर सर्वांस दिसतो हेही विसरू नये. प्रवेशाची लिंक कुठेही चिकटवू नये. लिंक पसरली की कोण आत आला ते समजत नाही. एकीने नुसते आपल्या जोडीचे चित्र लावलेला अनोळखी नंबर आत घ्यावा, आणि तो पुरुषाचा निघावा, असे घडते. त्याहून वाईट म्हणजे ‘मी स्वतः तो नट बोलतो आहे’ असे सांगणारे भामटे. आधी गोड बोलतात, मग भेटवस्तू पाठविली आहे म्हणतात, मग ती सोडविण्यासाठी पैसे मागतात. कोणताही नामांकित नट अलिबागच्या वहिनींकडे पैसे मागावयास मोकळा नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

मंडळाची चालक कोण असावी यावरून बरीच ओढाताण होते. चालक दोघी असाव्यात, म्हणजे एक माहेरी गेली वा आजारी पडली तरी काम अडत नाही. चालकपणाची काही भगिनींना धास्ती वाटते: कुणी भलतेसलते टाकले तर पोलीस आपल्यालाच धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, त्यात चालकाचा समान हेतू नसेल, तर केवळ चालक म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तरीही आक्षेपार्ह मजकूर दिसताच चालकाने तो पुसावा. २०२२ पासून चालकास कोणत्याही सभासदाचा संदेश सर्वांच्या मोबाईलवरून काढता येतो.

दैनंदिन वागण्याबद्दल थोडेसे. अनेकींना लिहिण्याचा कंटाळा असतो, काहींना लिहिता येत नाही. त्यांनी आवाजात बोलून संदेश पाठवावा. आपली आगरी बोली लिहिण्यापेक्षा ऐकण्यातच गोड लागते. आमच्याकडे एक मासळीवाल्या काकू बाजारातून परतताना मालिकेतील सासूची अशी नक्कल करून पाठवीत की मूळ सासू फिकी पडावी. मात्र असा संदेश उघडताना आसपास कोण आहे ते पाहून घ्यावे. सकाळचे सुप्रभात, देवांची चित्रे, औषधांचे उपाय, उधारीच्या गोष्टी आणि मसाल्याची जाहिरात यांना मंडळात थारा देऊ नये. मसाला विकावयाचा तर त्यासाठी निराळा ग्रुप आहेच.

भांडण होण्याचे हमखास कारण म्हणजे भाग आधी पाहणे. पैसे भरून मोबाईलवरच मालिका पाहणाऱ्यांना पुष्कळदा तो भाग दूरदर्शन संचाच्या आधीच मिळतो, आणि त्या दुपारीच सांगून मोकळ्या होतात. संध्याकाळी पाहणारीचा सारा रस निघून जातो. रात्रीचे जेवणखाण उरकेपर्यंत त्या दिवसाच्या भागावर अवाक्षर काढू नये, एवढे ठरविले की बस्स. लावणीच्या दिवसांत तर मंडळ पंधरवडाभर शांतच राहू द्यावे. चिखलाच्या हातांनी कुणी मोबाईल धरीत नाही, आणि जी लिहीत नाही तिला ‘रुसलीस का’ म्हणून छेडू नये.

मोबाईलच्या मंडळाची मर्यादाही ओळखून असावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागा झोपविल्या तेव्हा वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि श्रीवर्धन-मुरुडकडील अनेक गावांत ही स्थिती कित्येक दिवस राहिली. टाळेबंदीने मालिकांचे चित्रीकरण आधीच थांबलेले होते. त्या दिवसांत ज्या मैत्रिणी चालत जाऊन एकमेकींच्या पडक्या वाडीत उभ्या राहिल्या त्यांचीच मैत्री पुढे टिकली. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटावे. थंडीत पोपटी लावण्याचे निमित्त आहेच. मडके आणि वालाच्या शेंगा एकीने आणाव्यात, भांबुर्डीचा पाला दुसरीने.

राहिला प्रश्न मालिका संपल्यावर काय करावयाचे याचा. मालिका केव्हा तरी संपतेच. राणादा-अंजलीबाईंची सव्वाचार वर्षांनी संपली. काही मंडळे जुने भाग पुन्हा पाहून चालू राहतात, काही नव्या जोडीकडे वळतात. नव्या जोडीकडे वळावयाचे असल्यास सर्वांचे मत घ्यावे, कारण नव्या जोडीवरून दोन तट पडण्याचा संभव असतो. आणि मंडळ बंदच करावयाचे ठरले तर ते नुसते सोडून देऊ नये. आठ दिवस आधी सर्वांना सांगावे, ज्यांना एखादे छायाचित्र अथवा मासळीवाल्या काकूंचा आवाज जपून ठेवावयाचा असेल त्यांनी काकूंना विचारून तो ठेवावा, मग चालकाने एकेकीला मोकळे करून शेवटी आपण बाहेर पडावे आणि प्रत्येकीने आपल्या मोबाईलवरील ते संभाषण स्वतःच्या हाताने पुसून टाकावे.